सातव्या खांबाचा खड्डा

सातव्या खांबाचा खड्डा खणताना जेसीबीचा हात जमिनीत गेला तो पार खांद्यापर्यंत गेला. आधीच्या सहा खांबांना गुडघाभर मातीखाली खडक लागला होता, आणि तो फोडताना अख्ख्या रास अल-लौझ गावाच्या खिडक्या वाजल्या होत्या. इथे मात्र नुसता "भस्स" असा आवाज झाला आणि यंत्र पुढच्या बाजूला वाकून उभं राहिलं, जसं कुणी बिळात डोकं घालून बघावं.

हनफी मिस्त्री खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. त्याने एक दगड आत टाकला. आम्ही सगळे ऐकत राहिलो. दगड कुठेतरी पोचला, पण बऱ्याच उशिराने.

"मास्तर," हनफी म्हणाला, "तुमच्या जमिनीला तळ नाही."

मी गावच्या शाळेत इतिहास शिकवतो. जमिनीला तळ नसणं हा भूगोलाचा विषय आहे, असं मी त्याला सांगणार होतो. पण तेवढ्यात गारा पडायला लागल्या आणि आम्ही सिमेंटची पोती झाकायला धावलो. पोती झाकून होतात न होतात तोच ऊन पडलं. जॉर्डनमध्ये, अजलूनच्या डोंगरात मार्च-एप्रिल हे असेच असतात. माणूस सकाळी स्वेटर घालून निघतो, दुपारी तो काखेत धरतो आणि संध्याकाळी डोक्यावर घेऊन पळत घरी येतो. अशा दिवसांत घर बांधायला काढू नये हे मला ठाऊक होतं. पण आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न जूनमध्ये ठरलं होतं, आणि नवऱ्या मुलाने आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन, माझ्यादेखत, पलंग कुठे ठेवायचा ते पावलांनी मोजलं होतं. त्यानंतर माणूस हवामान बघत बसत नाही.

जमीन माझ्या बायकोची, इब्तिहाजची. तिच्या वडिलांनी दिलेली. नकाशा तिच्या भावाचा, मुन्झिरचा. मुन्झिर अम्मानला इंजिनियर आहे आणि आयुष्यभर त्याने फक्त पूल बांधले आहेत. त्यामुळे नकाशातल्या प्रत्येक खोलीला दोन्हीकडून शिरता येत होतं आणि थांबावं असं कुठेच वाटत नव्हतं. इब्तिहाजने त्यात स्वयंपाकघर शोधून काढलं आणि पेनाने त्याला भिंती घातल्या. ही झाली आमच्या घराची पूर्वतयारी. माझं योगदान विचाराल तर मी "घर म्हणजे काय" या विषयावर दोन-तीनदा जेवताना बोललो होतो.

खड्ड्याची बातमी सर्वांत आधी अबू रातिबला कळली, कारण तो भिंतीवर बसला होता. अबू रातिब आमचा शेजारी, वरच्या बाजूच्या जमिनीचा मालक. लष्कराच्या कोठारातून निवृत्त झालेला. आमचं बांधकाम सुरू झाल्यापासून तो रोज सकाळी आमच्या दोन जागांमधल्या बुटक्या दगडी भिंतीवर उशी टाकून बसे आणि हिरवे बदाम मिठाला लावून खात खात देखरेख करी. सळई वाकडी आहे, वाळूत माती आहे, हनफी इजिप्तचा आहे आणि इजिप्तला डोंगर नसतात, असं त्याचं चालू असे. आज मात्र तो भिंतीवरून उतरला, माझा दंड धरून मला बाजूला घेऊन गेला आणि कानाशी तोंड आणून म्हणाला, "कुणाला सांगू नका."

"काय?"

"तुर्क."

"कोण तुर्क?"

"अहो, तुर्क! पहिल्या महायुद्धात पळाले तेव्हा सगळं सोनं सोबत नेता आलं का त्यांना? घोडी थकलेली, मागे इंग्रज. पुरलं इथेच, डोंगरात. माझ्या चुलत्याने खूण पाहिली होती. खडकावर कासव कोरलेलं. कासवाचं तोंड कुठे होतं ठाऊक आहे? तुमच्या स्वयंपाकघराकडे."

आमच्या भागात जन्मलेल्या प्रत्येक माणसाला तुर्कांच्या सोन्याविषयी काही ना काही माहीत असतं. इतकं सोनं त्यांच्याकडे खरोखर असतं तर ते पळाले कशाला असते, असा प्रश्न मी वर्गात नेहमी विचारतो. तो मी अबू रातिबलाही विचारला. मग शांतपणे समजावून सांगितलं, की हे उघडच रोमन थडगं आहे. या टेकड्यांवर रोमन वस्ती होती, ते लोक खडकात खोल्या कोरून आपली माणसं पुरत. मी वीस वर्षं हेच शिकवत आलोय.

"रोमन मेल्यावर दागिने घालायचे का?" अबू रातिबने विचारलं.

"श्रीमंत असले तर."

"तुमच्या जागेत गरीब कशाला येतोय पुरायला?" तो म्हणाला, आणि पुन्हा भिंतीवर जाऊन बसला. पण आता तो बदाम खात नव्हता.

संध्याकाळी मी इब्तिहाजला सांगितलं. ती परातीत खुबैझाची रानभाजी निवडत होती. "काँक्रीट ओता," ती मान वर न करता म्हणाली. "भोक आहे ना? भोक बुजवायचं असतं."

"इब्तिहाज, ते दोन हजार वर्षांपूर्वीचं असू शकतं."

"मग त्याला घाई नाही. मला आहे."

पण काँक्रीट ओतता येईना. हनफीने साफ सांगितलं, की तळ माहीत नसलेल्या खड्ड्यात तो पोतंभर सिमेंटही टाकणार नाही. सकाळी मी नगरपालिकेत गेलो. खिडकीमागच्या गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहाही मागवला. मग म्हणाले, "तुम्हाला परवाना आहे तो घराचा. खड्डा आमच्याकडे येत नाही."

"मग कुणाकडे येतो?"

"खड्ड्यावर आहे. थडगं असेल तर वक्फवाल्यांकडे. पाणी असेल तर पाणीवाल्यांकडे. जुनं काही असेल तर पुरातत्त्ववाल्यांकडे. तुम्ही आधी खड्डा कशाचा आहे ते ठरवून या, मी तुम्हाला योग्य खिडकीवर पाठवतो."

"पण ते ठरवायला कुणीतरी येऊन बघायला हवं!"

"अर्थात. ज्याच्याकडे येतो तो येऊन बघेल."

मी परत त्याच खिडकीला आलो होतो, फक्त चहा पिऊन. शेवटी मी "जुनं काहीतरी" असं सांगितलं. त्यांनी एक फोन केला, पलीकडून कुणी बाई बोलत होत्या. हवा सुधारली की येऊ, असं त्या म्हणाल्या. हवा सुधारली की! अजलूनमध्ये, एप्रिलच्या तोंडावर!

हवा काही सुधारली नाही. एक दिवस असा पाऊस लागला, की सहाही खांबांचे खड्डे तुडुंब भरले आणि त्यांत बेडूक आले. आणि इथेच ती विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. सातवा खड्डा भरत नव्हता. पावसाचं पाणी त्यात जात होतं आणि आतल्या आत गडप होत होतं. मी छत्री धरून काठावर उभा राहिलो. आतून थंड, ओल्या दगडाचा वास येत होता आणि अगदी खालून, नळ गळावा तसा, टप... टप... टप. थडग्यात नळ कशाला?

एव्हाना गावातले निम्मे लोक येऊन बघून गेले होते. उम्म रातिब म्हणजे अबू रातिबची बायको. तिचं म्हणणं, खाली जिन्नांचं कुटुंब असणार आणि आपण त्यांच्या छपराला भोक पाडलं आहे. पावसाळी हवेत कुणी आपल्या छपराला भोक पाडलं तर आपल्याला कसं वाटेल, हा तिचा मुद्दा मला मान्य करावा लागला. खालच्या आळीतला एकजण तांब्याच्या दोन काड्या घेऊन आला. त्या काड्या सोन्यावर फिरतात म्हणे. त्या माझ्या जागेत नुसत्या गरागरा फिरल्या. पण मग त्या इब्तिहाजच्या बांगड्यांकडे बघून फिरत होत्या असं निघालं. शाळेतही कुणी माझ्याकडे गंभीरपणे बघेना. हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत सहज विचारलं, "मग, पुढच्या वर्षी आम्हाला सोडून जाणार वाटतं?" मी वर्गात मामलुकांचा धडा शिकवत होतो आणि फळ्यावर काढलं होतं एक भोक. पोरं ते वहीत उतरवून घेत होती.

खरं सांगायचं तर मला सोनं नको होतं. मला फक्त ते काय आहे हे कळायला हवं होतं. माणसाच्या स्वतःच्या स्वयंपाकघराखाली काय आहे हे गावाला ठाऊक नाही, सरकारला ठाऊक नाही आणि इतिहासाच्या शिक्षकालाही ठाऊक नाही, ही काय लाजेची गोष्ट आहे! मी जेवताना घास हातात धरून थांबे. इब्तिहाज म्हणे, "आलात का वर?"

मग एक दिवस खमासीन सुटला. सकाळीच दक्षिणेकडचं आभाळ पिवळं झालं. दहा वाजेपर्यंत वाळवंटातला गरम वारा असा सुटला, की शाळेच्या अंगणातला झेंडा आणि काठी यांतला फरक कळेना. दाता-ओठांत वाळू. हेडमास्तरांनी शाळा सोडली. अशा दिवशी शहाणा माणूस घरी जातो, खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबतो आणि झोपतो. मी डोक्याला रुमाल गुंडाळला, प्रयोगशाळेतली बॅटरी घेतली आणि सरळ जागेवर गेलो. हनफी आणि त्याची माणसं खोलीत दारं लावून बसली असणार. भिंतीवर अबू रातिब नव्हता. चार हातांवरचं दिसत नव्हतं. यापेक्षा चांगला दिवस कुठला?

खड्ड्यात मिस्त्रीची लाकडी शिडी आधीच सोडलेली होती. हनफीनेही हळूच पाहणी केलेली दिसते, असा मी विचार केला. केवढी मोठी चूक! मी बॅटरी दातांत धरली आणि उतरायला लागलो.

वर भोक अरुंद, आणि आत गेल्यावर भिंती दूर जात होत्या, बरणीच्या गळ्यातून पोटात शिरावं तशा. मी अर्ध्यावर पोचलो असेन, तेव्हा खालून श्वास ऐकू आला.

माणसाचा श्वास. की कुणाचा?

माझ्या पायाखालची पायरी काडकन मोडली. मग तिच्या खालची. मग त्यांच्या खालच्या सगळ्या, एकामागून एक, आणि मी चिखलात बसलो. बॅटरी कुठेतरी जाऊन विझली. अंधारात, माझ्यापासून हातभर अंतरावर, कुणीतरी कापऱ्या आवाजात कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला लागलं.

जिन्न पाक कलाम म्हणत नाहीत, एवढं मला कळायला हवं होतं. पण अशा वेळी जे कळायला हवं ते कळत नाही. मीही डोळे मिटून तीच आयत म्हणायला लागलो, मोठ्याने. समोरच्याचा आवाज वाढला. मी माझा वाढवला. आम्ही एकमेकांना घालवायला इतक्या भक्तिभावाने ओरडत होतो, की भिंती घुमत होत्या. शेवटी दोघांचाही श्वास संपला. मी एक डोळा उघडला. समोर अंधारात एका मोबाईलचा उजेड पेटला आणि त्यात मला भल्या मोठ्या मिशा दिसल्या.

"मास्तर?" मिशा म्हणाल्या.

"अबू रातिब? तुम्ही इथे काय करताय?"

"मी..." त्याने एक हात पाठीमागे नेला. "मी तुमच्या खांबाची पाहणी करायला आलो. शेजारी म्हणून. आणि तुम्ही?"

"माझीच जागा आहे."

"हां. तेही आहे."

त्याच्या हातात कुदळ होती. खांबाची पाहणी कुदळीने कशी करतात, हे मी विचारलं नाही. माझ्या दातांत बॅटरी कशाला होती, हे त्यानेही विचारलं नाही. मोठ्या लोकांत अशा वेळी एक सभ्यता असते. आम्ही मोबाईलच्या उजेडात मोडकी शिडी पाहिली. अबू रातिबने फोन लावून पाहिला. खडकाखाली कसलं नेटवर्क? आम्ही हाका मारल्या. वर वारा असा भणाणत होता, की आमचा आवाज आमच्याच डोक्यावर येऊन पडत होता.

"कुणीतरी येईल," मी म्हणालो.

"उम्म रातिब झोपली आहे. तुमची?"

"तिला वाटतंय मी शाळेत आहे."

मग वारा एकदम पडला, आणि वरून चिखलाचे थेंब पडायला लागले. खमासीन असाच संपतो. वाळवंटाची धूळ वर नेतो आणि पावसाबरोबर खाली आणून टाकतो. थेंबांची सर झाली. आणि मग भिंतीतून, माझ्या कानाच्या उंचीवरच्या एका चौकोनी भोकातून, तुंबलेला मातीचा बोळा बाहेर फेकून, घरघर आवाज करत पाण्याची धार सुरू झाली. आधी लाल गढूळ, मग जोराची.

"मास्तर," अबू रातिब हळूच म्हणाला, "तुमच्या थडग्याला नळ आहे."

पाणी घोट्यांवर आलं. पिंढऱ्यांवर आलं. मी त्या भोकाकडे हात नेला. दगडात नीट कोरलेली पन्हळ होती. खाली भिंत चाचपली तर दगड लागेना. गुळगुळीत, हाडासारखा कडक गिलावा लागला. "उजेड इकडे धरा," मी म्हणालो. गिलाव्यावर बोटांचे फराटे होते. चार बोटं वरून खाली ओढलेली, आणि कडेला अंगठा. मी माझी बोटं त्या फराट्यांत ठेवली. माझ्यापेक्षा बारीक हात. कुणीतरी इथे, बहुधा दोरीला बांधलेल्या पाटीत बसून, हाताने चुना पसरवत गेलं होतं, आणि सुकायच्या आत शेवटचा हात फिरवला होता. कोण, केव्हा, काही कळायला मार्ग नव्हता. अबू रातिबने कुदळ खाली ठेवली आणि आपलाही पंजा तिथे लावून पाहिला. त्याचा बसला नाही.

"हे थडगं नाही," मी म्हणालो. वीस वर्षं शिकवलेलं सगळं त्या पाण्यात बुडालं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. "हे टाकं आहे. पावसाचं पाणी साठवायचं टाकं. आणि ते अजून काम करतंय."

"म्हणजे ते भरणार?"

"हो."

"कुठपर्यंत?"

आम्ही दोघांनी वर पाहिलं. गिलावा पार टाक्याच्या गळ्यापर्यंत केलेला होता.

यानंतर आम्ही ज्या आवाजात ओरडलो, त्याविषयी गावात अजून बोललं जातं. पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं आणि अबू रातिब मला "माझ्या लेकरा" म्हणायला लागला होता, तेव्हा वर ताडपत्रीचा फडफड आवाज झाला. इब्तिहाज! पाऊस आला तशी ती सिमेंट झाकायला आली होती.

"कोण आहे आत?" तिचा आवाज.

"मी!"

"मी कोण?"

"तुझा नवरा!"

"माझा नवरा शाळेत आहे." मग ती म्हणाली, "दुसरा कोण ओरडत होता?"

अबू रातिबने माझ्याकडे हात जोडले. मी काय करणार? "एक निवृत्त लष्करी माणूस," मी म्हणालो.

वरून हुंदक्यांसारखा आवाज आला. मला वाटलं ती रडते आहे. नंतर कळलं, ती सिमेंटच्या पोत्यांवर बसून पोट धरून हसत होती. मग मात्र ती धावली. हनफीला उठवलं, त्याच्या माणसांना उठवलं, उम्म रातिबला उठवलं, आणि उम्म रातिब उठली म्हणजे गाव उठलं. हनफीने काँक्रीट वर चढवायची मोटर आणून खड्ड्यावर बसवली आणि तिची लोखंडी बादली खाली सोडली.

"आधी तुम्ही," अबू रातिब म्हणाला.

"नाही, वयाने तुम्ही मोठे."

"जागा तुमची."

"अहो, पाणी कमरेला लागलंय!" वरून इब्तिहाज ओरडली. "मानपान वर आल्यावर करा!"

अबू रातिब आधी गेला. बादलीत उकिडवा, कुदळ छातीशी धरून, गोल गोल फिरत. वर टाळ्या वाजल्या. मग मी गेलो. काँक्रीटच्या बादलीतून जगात पुन्हा येताना चेहऱ्यावर कुठला भाव ठेवावा, याचा मी विचार करत होतो. पण काही सुचायच्या आतच माझं डोकं बाहेर आलं. अर्धं गाव छत्र्या घेऊन उभं होतं, त्यात माझ्या नववीच्या वर्गातली सगळी पोरं, हेडमास्तर, आणि अगदी पुढे रबरी बूट घातलेली एक तरुण बाई, हातात मोडकी छत्री. तिच्या मागे नगरपालिकेच्या खिडकीतले गृहस्थ. मी त्यांना खिडकीबाहेर पहिल्यांदाच पाहत होतो. ते बरेच बुटके होते.

"मी सौसन, पुरातत्त्व खात्यातून," बाई म्हणाली. "इकडून जात होते, म्हटलं बघून जावं. खड्डा कशाचा आहे, काही कळलं का?"

"टाकं आहे," मी म्हणालो, आणि माझ्या नाकातून पाणी आलं.

"झालं!" खिडकीतले गृहस्थ म्हणाले. "जुनं असून पाण्याचं आहे. म्हणजे दोन खिडक्या."

पाऊस थांबल्यावर सौसन स्वतः बादलीत बसून खाली गेली. ती इतका वेळ वर आली नाही, की जिन्नांनी तिला ठेवून घेतलं अशी उम्म रातिबला खात्री पटली. आली तेव्हा तिचे बूट पाण्याने भरले होते आणि चेहरा ईदच्या सकाळसारखा होता. टाकं जुनं आहे, किती जुनं ते लगेच सांगता येणार नाही. पन्हळ वरच्या बाजूने येते. आत मौल्यवान काही नाही. हे शेवटचं तिने अबू रातिबकडे बघून दोनदा सांगितलं. तोंड बुजवायचं नाही, खांब तिथे उभा करायचा नाही, पाणी वापरायला हरकत नाही. ती आठवड्याने येऊन मापं घेऊन गेली, आणि पुढचं सगळं तिने दोन्ही खिडक्यांशी बोलून मिटवलं.

आता सातवा खांब हलवायचा, तर घर हलणार. मुन्झिर फोनवर किंचाळला, "मी पूल बांधल्यावर नदी बाजूला सरकव म्हणून कुणी मला सांगितलं नाही!" इब्तिहाजने माझ्या हातून फोन घेतला. "मुन्झिर, तू पूल बांध. घर मी बांधते." तिने नकाशा उलटा करून ओट्यावर पसरला, टाक्याच्या तोंडावर चहाचा पेला ठेवला आणि भोवती पेनाने मागचा ओटा काढला. स्वयंपाकघर एका बाजूला सरकलं, मुन्झिरची लांबलचक मार्गिका गेली, आणि घर पहिल्यांदा घरासारखं दिसायला लागलं. हनफीने नकाशा पाहिला आणि म्हणाला, "ह्या बाई आधीच आल्या असत्या तर मी एवढ्यात विटा लावत असतो."

मग वेगाने काम झालं. पावसाने दोनदा सेंट्रिंग भिजवलं, एकदा गारांनी हनफीच्या डोक्याला टेंगूळ आणलं, पण मेच्या सुरुवातीला स्लॅबचा दिवस ठरला. आभाळ निळं. काँक्रीटची गाडी वेळेवर. इब्तिहाजने कामगारांसाठी मन्साफ, म्हणजे दह्यात शिजवलेलं मटण, केलं, दह्याच्या वासाने गल्ली भरली. संध्याकाळी स्लॅब ओतून झाला आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यावर माझं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खमासीन परत आला.

या वेळी पाऊस नव्हता. नुसता भट्टीसारखा वारा. ताज्या स्लॅबला पाणी हवं असतं, सतत पाणी, नाहीतर तो फुटतो. नळाला पाणी यायचा आमच्या आळीचा दिवस अजून लांब होता, आणि टँकरवाल्याने फोनवर सांगितलं, की धुळीत त्याला रस्ताच दिसत नाही. दुपारपर्यंत हनफी वरून ओरडला, "मास्तर, चिरा दिसायला लागल्या!" केसासारख्या बारीक, पण होत्या. इब्तिहाजच्या चेहऱ्याचा रंग गेला. आजवर प्रत्येक संकटात ती हसली होती. आता ती शिडीच्या पायथ्याशी ओढणी तोंडावर धरून उभी होती.

टाक्यावरचं लाकडी झाकण मी आणि अबू रातिबने एकाच वेळी उघडलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. आम्ही दोघेही त्या पाण्यात कमरेपर्यंत बुडालेलो होतो. ते किती आहे हे आमच्याइतकं कुणाला माहीत असणार? दोर आला, बादल्या आल्या. हाका मारायची गरज पडली नाही, कारण गावात बांधकामावर काय चाललंय हे बघणारे लोक होतेच. उम्म रातिब, हेडमास्तर, काड्यावाला, नववीची पोरं, टाक्यापासून शिडीपर्यंत आणि शिडीवरून छपरापर्यंत सगळी रांग लागली. तोंडाला फडकी बांधलेले लोक हातोहात बादल्या देत होते. वर हनफी पोती अंथरून त्यांवर पाणी ओतत होता. वारा पोती सुकवत होता, आम्ही भिजवत होतो. दोर ओढणारा अबू रातिब प्रत्येक बादली वर आली की आधी तळाशी हात घालून चाचपायचा, मग पुढे द्यायचा.

"अहो, स्लॅब फुटतोय!" उम्म रातिब ओरडली.

"एखादं नाणं असलं तर काँक्रीटमध्ये जाईल ना!" तो म्हणाला, पण हात चालूच.

सूर्य खाली गेला तसा वारा पडला. हनफी गुडघ्यांवर बसून सगळा स्लॅब हाताने तपासत फिरला. शेवटच्या कोपऱ्यातून उठला आणि म्हणाला, "धरला." इब्तिहाजने टाक्यातलं पेलाभर पाणी काढलं, फडक्याने गाळलं आणि घोटभर प्यायली. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"कसं आहे?"

"दगडासारखं," ती म्हणाली आणि सबंध पेला संपवला.

जूनच्या आधी आम्ही राहायला आलो. दारं होती, खिडक्यांना प्लास्टिक होतं. पहिल्याच संध्याकाळी आम्ही मागच्या ओट्यावर मरियमियाचा पाला घातलेला चहा घेऊन बसलो होतो. मी घरमालकाच्या मुलाविषयी काही उदात्त बोलायच्या बेतात होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. धप्. धप्. धप्.

अबू रातिब आपल्या बाकल्याच्या शेंगांच्या वाफ्यात कुदळ चालवत होता आणि उम्म रातिब दारातून त्याचा उद्धार करत होती.

"काय चाललंय?" मी भिंतीवरून विचारलं.

"ती पोरगी काय म्हणाली होती?" त्याने कपाळ पुसलं. "पन्हळ वरच्या बाजूने येते. वर कोण आहे? मी आहे. तुमच्याकडे पाणी होतं, मान्य. पण जो माणूस खाली पाणी ठेवतो, तो वर काय ठेवत असेल?"

"अबू रातिब, शहाण्या माणसाने असं करू नये," मी म्हणालो. "तुम्ही बाकला उपटताय. खात्याला विचारलं पाहिजे. आणि तिथे बहुतेक पन्हळीचा दगडच..."

कुदळ कशाला तरी लागली. आवाज पोकळ होता.

मी हातातला पेला भिंतीवर ठेवला. मागे वळून बघायचं धाडस माझं झालं नाही, कारण इब्तिहाज काय म्हणेल हे मला चांगलं माहीत होतं. दमलोय, घर झालंय, चहा निवतोय, आणि तुमच्या वयाच्या माणसाने.

"सरका जरा," माझ्या शेजारी तिचा आवाज आला. तिने झगा वर खोचला होता आणि एक पाय भिंतीवर टाकला होता. "मधे उभे राहिलात तर मला दिसणार कसं?"